उलट बाजू

शाळेत शिवणाच्या तासाला आमच्या बाई रुमाल हातात घेतला की आधी उलटा करायच्या. पुढचं गुलाबाचं फूल, साखळी टाक्याची वेल, काजाच्या टाक्यानं बांधलेली कड, हे सगळं नंतर. आधी मागचं. दोरा एका पानावरून दुसऱ्या पानावर तसाच ओढत नेलाय का, गाठी किती मारल्यात, टोकं किती लोंबतायत. "पुढून सगळ्यांचंच छान दिसतं गं," म्हणायच्या आणि गुण मागच्या बाजूला द्यायच्या. दहा वर्षांच्या मला ते पटत नसे. जी बाजू कुणी बघणार नाही, तिच्यासाठी एवढा जीव का टाकायचा? आज पन्नाशी ओलांडली. सुई आणि छपाईची शाई अशी दोन्ही कामं एकाच टेबलावर येऊन बसली आहेत, आणि बाईंच्या त्या सवयीचा अर्थ मला अजून उलगडतो आहे.

पुढे मुंबईत कलाशिक्षण घेताना मी मुद्राचित्रण हा विषय निवडला. तिथेही पहिल्याच आठवड्यात उलट बाजूशी गाठ पडली. लिनोलियमच्या तुकड्यावर स्वतःचं नाव कोरा, असं सांगितलं होतं. मी सुवाच्य अक्षरात कोरलं, रोलरनं शाई लावली, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासलं आणि उचलला, तर नाव आरशात दिसावं तसं उमटलेलं. ठशावर उलटं असेल तेच कागदावर सुलटं होतं. छापणारा माणूस जन्मभर उलटं कोरत राहतो आणि आपलं काम सरळ कसं दिसतं, ते त्याला कागद उचलल्यावरच कळतं.

तरीही कित्येक वर्षं ही दोन कामं माझ्या घरात वेगवेगळ्या खोल्यांत नांदली. सुई-दोरा दुपारी, उजेडाच्या खिडकीपाशी. छपाई मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे मी एक जुनं हातानं फिरवायचं एचिंग प्रेस बसवलं आहे. दोन्हींमधली भिंत पडली ती एका पावसाळ्यात, कोलाग्राफ करताना.

कोलाग्राफ हे छपाईतलं सर्वांना परवडणारं तंत्र. तांब्या-जस्ताचा पत्रा लागत नाही, ॲसिड लागत नाही. जाड पुठ्ठा घ्यायचा, त्यावर वाळू, दोरा, वाळलेलं पान, काहीही उठावाचं चिकटवायचं आणि वरून चपडीचे दोन-तीन हात द्यायचे, म्हणजे शाई आत मुरत नाही. मग शाई चोळायची, जास्तीची पुसून घ्यायची, वर ओला कागद ठेवायचा आणि प्रेसच्या रुळाखालून काढायचा. त्या दिवशी हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून मी धावदोरा घातलेला जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा चिकटवला. घाईत तो उलटा चिकटला गेला, हे चपडी वाळल्यावर लक्षात आलं. तसाच छापला.

कागद उचलला तेव्हा मी बराच वेळ उभीच राहिले. वर उचललेल्या दोऱ्यावरची शाई पुसली गेली होती, म्हणून टाका उजळ दिसत होता. पण सुई जिथून कापडात शिरली, तिथे कापड दबून बारीक खळगा झाला होता आणि त्या प्रत्येक खळग्यात शाई साठून काळाभोर ठिपका उमटला होता. दोऱ्याचा पीळ मोजता येत होता. एका ओळीत पहिले बारा-तेरा टाके सैलसर, मग एकदम ताणलेले, आजूबाजूला कापडाची चुणी. तिथे माझं लक्ष उडालं असणार, किंवा दाराची बेल वाजली असणार. गाठी शेंगदाण्याएवढ्या ठसठशीत. कापडावर ही सगळी हकीकत होतीच, पण ती डोळ्याला दिसत नव्हती, बोटालाच काय ती जाणवत होती. छापानं ती बोटाची गोष्ट डोळ्यापुढे ठेवली. बाई रुमाल उलटा करून काय वाचत असत, ते मला त्या ओल्या कागदावर वाचता आलं.

मग मी सुई आणि छपाई यांचं नातं शोधत गेले आणि पाहिलं तर ते पूर्वापार होतं. छपाईचं टेबल कापडानं भरलेलं असतं. शाई पुसायला खळ दिलेलं जाळीचं कापड लागतं. रूळ आणि कागद यांच्यामध्ये लोकरीचं जाड फेल्ट लागतं. तेच ओल्या कागदाला पत्र्याच्या खोलगट रेषांमध्ये दाबतं. आणि कागद? आमच्या पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली, गांधीजींच्या प्रेरणेनं, के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली. हातकागदाचा चांगला लगदा होतो तो सुती चिंध्यांचा, शिंप्याकडच्या कातरणीचा. ज्या कागदावर मी टाक्याचा छाप घेते, तो कागदच मुळात कुणाच्या तरी सदऱ्याचं उरलेलं कापड आहे. हे कळल्यावर कापडावर कागद ठेवताना मला परक्या दोन वस्तू एकत्र आणल्यासारखं वाटेनासं झालं. लेक माहेरी आल्यासारखं वाटू लागलं.

प्रयोग म्हटला की चुका आल्या, आणि एक चूक मी विसरणार नाही. सॉफ्ट ग्राउंड नावाची पद्धत आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप देतात, पण त्यात चरबी मिसळून तो मऊ ठेवतात. त्यावर कापड ठेवून दाबलं की जिथे धागा टेकतो, तिथला लेप धाग्याबरोबर निघून येतो. मग पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये बुडवायचा. उघडं पडलेलं तांबं तेवढं खाल्लं जातं आणि कापडाची वीण तांब्यात कोरली जाते. मी एक वीतभर भरतकाम असं दाबत होते. तुकड्याच्या कोपऱ्यात सुई तशीच खोचलेली राहिली होती. रूळ फिरला, करकर आवाज आला आणि मी थांबायच्या आत सुई फेल्ट फाडून पत्र्यात रुतली. फेल्ट वाया गेलं, पत्र्यावर तिरका खोल चरा पडला. सुई टोचून ठेवायची जागा ठरलेली असावी, ही घरातली पहिली शिस्त मी मोडली होती. तो पत्रा मी टाकला नाही. चऱ्यासकट छापला. चऱ्यात एवढी शाई साठली की कागदावर ती रेघ हाताला लागते. जन्मभर सुई धरली, पण सुई किती कठीण असते, ते मला त्या रेघेनं शिकवलं.

अशाच दिवसांत मी साताऱ्याजवळच्या एका गावात वाकळ शिवणाऱ्या मावशींकडे जाऊ लागले. पुण्याकडे गोधडी म्हणतात, तिकडे वाकळ. मावशी दुसऱ्यांच्या वाकळा शिवून देतात. घराघरांतून जुनी लुगडी, धोतरं, परकर येतात. अंगणात मधले जाड थर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वर-खाली मऊ झालेलं लुगडं ताणायचं, कच्चा दोरा घालून थर पक्के करायचे आणि मग कडेनं धावदोरा सुरू. बोटाला चिंधी गुंडाळलेली. टाका तांदळाएवढा आणि दोन टाक्यांत जागा तिळाएवढी, हे त्यांचं माप. मी एका वाकळेवर बसून मोजलं. आडव्या ओळी ७५. एका ओळीत सुमारे २२० टाके. म्हणजे साडेसोळा हजार वेळा सुई खाली गेली आणि साडेसोळा हजार वेळा वर आली. हा आकडा मी मावशींना सांगितला तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि दोरा ओवायला माझ्या हातात सुई दिली. डोळ्यांना आता नाकं दिसत नाही त्यांच्या.

मी माझे छाप दाखवले. त्यांनी कागद हातात घेऊन आधी बोटानं चाचपला. मग म्हणाल्या, "ह्यो माझाच टाका हाय. इथं बघा, दोरा संपल्याला." मी विचारलं, "मावशी, वाकळेची सुलट बाजू कुठली मानायची? मी कुठल्या बाजूचा छाप घेऊ?"

"आवं ताई, वाकळंला कुठली आलीया उलटी न् सुलटी? रातच्याला थंडी वाजाय लागली की हाताला लागंल ती बाजू अंगावर."

हे वाक्य मी पुढे कच्छात पुन्हा ऐकलं, वेगळ्या भाषेत. भुजजवळ अजरखपूर नावाचं गाव आहे. २००१च्या भूकंपानंतर धमडक्यातल्या खत्री कुटुंबांनी पाण्याच्या शोधात येऊन ते वसवलं. तिथे अजरख छापलं जातं. कापड आधी हरड्याच्या पाण्यात भिजतं. चुना आणि डिंक यांच्या लुकणानं पांढऱ्या रेघा राखल्या जातात. गंजकं लोखंड गुळाबरोबर आंबवून काळा रंग होतो, निळीच्या हौदातून निळा येतो, लाल मंजिष्ठेचा किंवा अलिझरीनचा. कोरीव लाकडी ठसा रंगाच्या गादीवर टेकवायचा, आधीच्या ठशाच्या कोपऱ्याशी कोपरा जुळवायचा आणि पाठीवर मुठीचा एक ठोका. खुणा जुळवण्यात त्या कारागिरांची नजर इतकी पक्की असते की सांधा शोधून सापडत नाही. असंच ठशांनी छापलेलं भारतीय सुती कापड इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात इथे मिळालं आहे, कित्येक शतकांपूर्वीचं. या अजरखचा एक प्रकार दोन्ही बाजूंनी छापतात, त्याला बिपुरी म्हणतात. मागचा ठसा पुढच्या ठशावर बरोब्बर बसावा लागतो. एवढी मेहनत कशाला, असं विचारलं तर तिथे सांगतात की गुरं राखणारा माणूस पहाटे अंधारात उठतो, त्याला कापडाची बाजू शोधत बसायला नको. सातारची मावशी आणि कच्छचा खत्री एकमेकांना कधी भेटणार नाहीत. पण थंडीत आणि अंधारात वापरायची वस्तू कशी असावी, यावर दोघांचं एकमत आहे.

शिवणं आणि छापणं ही भावंडं आहेत, याची सर्वांत मोठी साक्ष मात्र मला माझ्याच भाषेत मिळाली. नामदेव आपल्याकडे शिंपी. पंढरपूरच्या पायरीचा, कीर्तनात नाचणारा, शिंपी समाजात जन्मलेला. पण उत्तरेकडे, राजस्थानात आणि पंजाबात, कापड छापणारे छिपा लोक त्याच नामदेवाला आपला मानतात. गुरू ग्रंथसाहिबात त्याची ६१ पदं आहेत, आणि त्यांतल्या एका पदात रंगवणं आणि शिवणं ही दोन्ही कामं शेजारी शेजारी येतात. मन गज होतं, जीभ कातर होते, सुई-दोऱ्यानं चित्त देवाशी जोडलं जातं. एकाच माणसाच्या हातात दक्षिणेनं सुई पाहिली आणि उत्तरेनं ठसा. मी ज्याला माझा प्रयोग म्हणत होते, तो सातशे वर्षांपूर्वी एका संताच्या नावात होऊन गेलेला होता.

आमच्या आजेसासूबाईंची एक तसबीर माझ्याकडे आली आहे. रविवर्म्याची लक्ष्मी. राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करून तिथे देवादिकांची चित्रं छापली जात आणि ती देशभरातल्या देवघरांत जाऊन बसली. आमची लक्ष्मी त्यांतलीच. पण तिचा शालू कागदावर छापलेला दिसत नाही. त्यावर खऱ्या कापडाचा शालू चढवलेला आहे, बारीक जरीचे काठ, टिकल्या, गळ्यात काचमण्यांच्या सरी. छापील चित्रांना असं सजवण्याची तेव्हा रीत होती, आणि अशा सजवलेल्या तसबिरी आज संग्रहालयांतही पाहायला मिळतात. काच फुटली म्हणून मी ती चौकटीतून काढली आणि सवयीनं उलटी केली.

मागे टाकेच टाके. कागद फाटू नये म्हणून प्रत्येक टाक्याखाली पातळ मलमलीची पट्टी लावलेली. मण्यांचा दोरा एका ठिकाणी संपलाय, तिथे दुसऱ्या रंगाचा दोरा जोडलाय. घरात तोच शिल्लक असणार. कमळाजवळ एक टाका चुकला होता, तो उसवून शेजारी पुन्हा घातलाय, पण कागदाला पडलेलं पहिलं भोक तसंच आहे. पुढून ही लक्ष्मी हजारो घरांतल्या लक्ष्मीसारखीच. मागून ती एकाच बाईची. आजेसासूबाईंना मी कधी पाहिलं नाही. लिहिता येत नव्हतं म्हणतात त्यांना. त्यांच्या हाताची एवढीच खूण घरात उरली आहे, आणि ती भिंतीकडे तोंड करून ऐंशी-नव्वद वर्षं राहिली. मी नवी काच लावली, पण मागे पुठ्ठ्याऐवजीही काचच बसवली. आता ती तसबीर खिडकीत असते.

कमळाजवळच्या त्या भोकानं मला पुढचं काम दिलं. कापडात चुकीचा टाका उसवला आणि पाण्याचा हात फिरवला की धागे सरकून भोक बुजतं. कागदात ते बुजत नाही. आपल्याकडच्या दोन कलावंतांनी हे कागदाचं गुपित फार आधी ओळखलं होतं. झरीना हाश्मी अलिगढला जन्मल्या, पॅरिसमध्ये हेटर यांच्या आतलिए सेव्हन्टीन या कार्यशाळेत छपाई शिकल्या आणि १९७०च्या दशकात त्यांनी शाई बाजूला ठेवून नुसत्या सुईनं कागद टोचत चित्रं केली. पांढऱ्या कागदावर पांढरी भोकं आणि त्यांच्या कडांची बारीक सावली. त्याच दशकात शांतिनिकेतनात सोमनाथ होर यांनी 'जखमा' ही मालिका केली. मातीच्या पाटावर चिरा द्यायच्या, त्याचा साचा काढायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. वाळलेला कागद कातडीसारखा दिसतो, व्रण पडलेल्या कातडीसारखा. बंगालचा दुष्काळ त्यांनी तरुणपणी डोळ्यांनी पाहिला होता. ही दोन्ही कामं समोर ठेवून मी माझ्या छापांवर सुई चालवायला सुरुवात केली, आणि पहिल्यांदा मला प्रत्येक टाक्याआधी थांबावं लागलं. कापडावर हात पळतो. कागदावर हात विचारतो, इथेच ना? मग एकदाच टोचतो.

जर्मनीत जन्मलेल्या ॲनी अल्बर्स यांची गोष्ट मला याच टप्प्यावर भेटली. बाउहाउसमध्ये विणकाम शिकलेल्या या बाईंनी आयुष्याची चार दशकं मागावर काढली. १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. १९६३ मध्ये नवऱ्याला लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड या लिथोग्राफीच्या कार्यशाळेत बोलावणं आलं, त्या सोबत गेल्या, आणि तिथल्या प्रमुख जून वेन यांनी त्यांनाही करून बघायला सांगितलं. उभ्या-आडव्या ताण्या-बाण्यात अडकलेला धागा दगडावर मोकळा झाला. वळू लागला, स्वतःवरून उडी मारू लागला. पुढे त्यांनी विणकाम जवळजवळ सोडलं आणि छपाईच केली. पण त्यांनी एक खंतही बोलून दाखवली आहे: धाग्यात केलेल्या कामाला लोक कारागिरी म्हणतात, आणि कागदावर केलेल्या कामाला कला.

ती खंत माझ्या दारात आली तेव्हा मला तिचा अर्थ खरा कळला. एका शहरातल्या एका कलादालनात मी वाकळांच्या छापांचं प्रदर्शन केलं. मावशींची एक मूळ वाकळही लावायची, असं मी आग्रहानं सांगितलं होतं आणि त्यांचं नाव लिहून दिलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी गेले तर छाप पुढच्या दालनात, चौकटीत, प्रत्येकाखाली माझं नाव, साल, आवृत्तीचा क्रमांक. वाकळ मागच्या भिंतीवर, आणि तिच्या पट्टीवर एवढंच: 'पारंपरिक गोधडी, पश्चिम महाराष्ट्र'. साडेसोळा हजार टाके त्यांचे, मी त्यावर शाई लावून कागद दाबला, आणि नाव माझं. दालनाच्या लोकांनी नंतर पट्टी बदलली. पण चूक पट्टीपुरती नव्हती, आणि तिच्यात माझाही वाटा होता. माझ्या कुठल्याच छापाखाली मी तरी त्यांचं नाव कुठे लिहिलं होतं?

बंगालच्या जुन्या कांथांवर, म्हणजे तिथल्या गोधड्यांवर, काही बायकांनी आपली नावं टाक्यांत लिहून ठेवली आहेत. आपल्या वाकळांवर ठिगळं आहेत, चांदण्या आहेत, नांगर-बैल आहेत. नाव सहसा नाही. मी मावशींकडे गेले आणि म्हटलं, या वेळी कोपऱ्यात तुमचं नाव घाला. त्या लाजल्या नाहीत. म्हणाल्या, "लिवून द्या, मी शिवते." नातवाच्या पाटीवर बघून अक्षरं त्या शिकलेल्या आहेत, पण हात पाटीपेक्षा सुईवर जास्त बसलेला. मी खडूनं अक्षरं काढून दिली. त्यांनी दुहेरी धावदोरा घातला, जाताना एक टाका सोडून आणि परत येताना मोकळी जागा भरत, म्हणजे दोन्ही बाजूंना रेघ सलग दिसते. शिरोरेघ त्यांनी सर्वांत शेवटी दिली, एका दमात, घराला आढं घालावं तशी.

मी तो कोपरा पुठ्ठ्यावर बसवायला घेतला आणि हात थांबला. सुलट बाजू वर ठेवून छापलं असतं तर नाव कागदावर आरशातलं उमटलं असतं. लिनोलियमवरचा तो पहिला धडा. नाव सरळ वाचता यावं असं वाटत असेल, तर शाई कापडाच्या मागच्या बाजूलाच लावायला हवी होती. मी तुकडा उलटा केला. मागे अक्षरं उलटी होती, गाठीसकट, एका काना-मात्रेवरून दुसरीकडे नेलेल्या दोऱ्यासकट. चपडी देऊन वाळवली, शाई चोळली, तळहातानं पुसली, ओला कागद ठेवला आणि सावकाश रूळ फिरवला. कागद उचलला. नाव सरळ उमटलं होतं. प्रत्येक खळग्यात काळा ठिपका, आणि शिरोरेघ उजळ.

दहा छाप काढले. प्रत्येकाखाली आता दोन सह्या आहेत. मावशींनी पेन्सिल मुठीत धरून केलेली आणि माझी. पाच छाप त्यांच्याकडे, पाच माझ्याकडे. जे विकले जातील, त्यांचे पैसे निम्मे-निम्मे. मासिकात नाव नको, असं त्यांनी स्वतः सांगितलं, म्हणून ते इथे लिहीत नाही. छापावर ते आहे, वाकळेवरही आहे.

तुमच्या घरात, माळ्यावर किंवा गादीखाली, एखादी गोधडी असेलच. ती आज बाहेर काढा आणि उलटी करा. दोरा कुठे संपला, कुठे दुसरा जोडला, ते बोटानं वाचा. ती कुणी शिवली हे सांगू शकणारं माणूस अजून घरात असेल, तर त्याला विचारा. आणि मग एका कोपऱ्यात, मागच्या बाजूला, दोन टाक्यांत का होईना, तिचं नाव घाला.